तिकडं किती पडला?

हल्ली पेपर उघडला की 'स्मार्ट सिटी' आणि 'सेन्सर' हे शब्द दिसल्याशिवाय राहत नाहीत. पुण्यातला माझा भाचा याच क्षेत्रात नोकरीला आहे. रस्त्यावर कोणी नसेल तर दिवा आपोआप मंद होतो, कचराकुंडी भरली की ती स्वतःच कळवते, जमिनीखालचा पाइप कुठे गळतोय ते ऑफिसात बसून समजतं, असं तो मला दर भेटीत सांगत असतो. मला कौतुक वाटतं. वीज वाचते, पाणी वाचतं, शहर जरा शहाण्यासारखं वागतं. पण मागच्या वेळी मी त्याला म्हटलं, "अरे, कोल्हापूर शहराला ज्या सेन्सरची सगळ्यात जास्त गरज आहे, तो शहरात बसवून उपयोगच नाही. तो इथे, आमच्या डोंगरात बसवायला हवा!" तो म्हणाला, "आत्या, हे लिही की ब्लॉगवर." तर मंडळी, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं नीट समजायला आधी आमचा भूगोल समजून घ्या. (तीस-बत्तीस वर्षं शिकवला आहे, सवय जात नाही.) गगनबावडा हा कोल्हापूर जिल्ह्यातला लहानसा तालुका, सह्याद्रीच्या अगदी माथ्यावर. इकडे करूळ आणि भुईबावडा घाट उतरलं की कोकण. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शिरोळ तालुका. तिथे वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे एकाच जिल्ह्यात दहापट फरक! आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) पुरात बुडतं ते शिरोळ. आमचा पाऊस आमच्याकडे थांबत नाही. तो कुंभीतून खाली जातो. कासारी, तुळशी, भोगावती येऊन मिळतात, सरस्वती गुप्त मानतात, आणि प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. ती कोल्हापूरला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. आभाळ फाटतं आमच्या डोक्यावर आणि पाणी शिरतं त्यांच्या स्वयंपाकघरात.

पाऊस मोजणं हे काही आजचं खूळ नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराजवळ एक हात तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलं आहे. शेतसारा आणि पेरणी दोन्ही त्यावर अवलंबून. आमच्या पिढीला माहीत असलेला पर्जन्यमापक म्हणजे सायमनचा. पाच इंच तोंडाचं नरसाळं, खाली बाटली, बाहेर पत्र्याचा नळा, आणि सोबत खुणा केलेलं काचेचं मोजपात्र. सकाळी साडेआठ वाजता बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा. संपलं. भारतभर ही साडेआठची वेळ ठरलेली. मी मुलांना वर्गात सांगायची, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. मुलं म्हणायची, "हॅत्, एवढंच?" मग फळ्यावर गणित मांडायचं. शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर एका गुंठ्यावर सुमारे दहा हजार लिटर, म्हणजे एक भरलेला टँकर. आणि एक चौरस किलोमीटरवर? दहा कोटी लिटर. तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. आमच्याकडे आषाढात शंभर मिलिमीटर म्हणजे बातमी नव्हे, साधा दिवस असतो.

आम्ही शाळेत प्लॅस्टिकच्या बाटल्या कापून घरगुती पर्जन्यमापक बनवायचो. मुलं ते आपापल्या वाडीत ठेवायची आणि सकाळी इरली घेऊन शाळेत आली की आकडे सांगायची. वरच्या वाडीचा आणि ओढ्यापलीकडच्या वाडीचा आकडा कधीच जुळायचा नाही. कधी कधी दीडपट फरक. मुलं भांडायची, "बाई, ह्यानं वाढवून सांगितलाय!" मी सांगायची, तो खोटं बोलत नाही, डोंगर पाऊस असाच वाटतो. डोंगराला कुठे मोजून द्यायची सवय आहे!

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण महाराष्ट्राने पाहिलं ते २६ जुलै २००५ ला. त्या एका दिवसात मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याच्या वेधशाळेत पाऊणशेसुद्धा नाही. एकच शहर! दक्षिणेतल्या माणसाला उत्तरेत काय चाललंय याची कल्पना नव्हती. दोन आकड्यांवर एवढं मोठं शहर सांभाळता येत नाही हे तेव्हा कळलं. त्यानंतर मुंबईत महापालिकेने ठिकठिकाणी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले आणि २०२० च्या जूनमध्ये पुराची आगाऊ सूचना देणारी यंत्रणाही सुरू झाली.

आपल्या ग्रामीण भागात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं आली. राज्यात दोन हजारांहून अधिक, म्हणजे साधारण प्रत्येक महसूल मंडलात एक. आमच्या तालुक्यात गगनबावडा आणि साळवण अशी मंडलं आहेत. ही केंद्रं दर दहा मिनिटांनी पाऊस, तापमान, वारा, आर्द्रता असं सगळं नोंदवतात. यातला पावसाचा भाग मला फार आवडतो, कारण तो बागेतल्या सी-सॉसारखा आहे. नरसाळ्याखाली दोन छोट्या पळ्या एकाच दांडीवर बसवलेल्या असतात. एक पळी भरली की वजनाने खाली कलंडते, पाणी सांडते आणि दुसरी नरसाळ्याखाली येते. एक कलंडणं म्हणजे ठरावीक पाऊस, काही यंत्रांत ०.२ तर काहींत ०.५ मिलिमीटर. प्रत्येक वेळी लोहचुंबकाने एक टिचकी नोंदली जाते. टिचक्या मोजा, पाऊस मिळाला! सातवीच्या मुलालाही समजेल असं यंत्र.

आता कोणी विचारेल, सकाळी साडेआठला मोजलं काय आणि दर दहा मिनिटांनी मोजलं काय, पाऊस तेवढाच ना? नाही हो. दोनशे मिलिमीटर पाऊस चोवीस तासांत संथ पडला तर भाताची खाचरं, जंगल, माती त्यातला बराच भाग धरून ठेवतात. तोच चार तासांत कोसळला तर सगळा ओढ्यात. सकाळच्या वहीत दोन्हींचा आकडा सारखाच! आणि वही तहसीलला जाऊन तो आकडा खाली पोचेपर्यंत पाणी त्याच्या पुढे निघून गेलेलं असतं.

आमच्या घरात मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून एक यंत्रणा चालू होती. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, कुरुंदवाडला दिली होती. घर नदीपासून फार लांब नाही. पावसाळा लागला की तिचा निरोप यायचा. आधी पोस्टकार्ड, मग ट्रंक कॉल, मग एसटीडी बूथ, शेवटी मोबाइल. प्रश्न एकच असायचा, "तिकडं किती पडला?" मी सांगायची, "दोन दिवस उघडीप नाही. कुंभीचं पाणी मांडुकलीत रस्त्यावर आलंय, एस्ट्या बंद आहेत." आक्का तेवढ्यावरून ओळखायची. साधारण दीड-दोन दिवसांनी आमचं पाणी तिच्या दाराकडे सरकायला लागायचं. तेवढ्या वेळात ती धान्याची पोती माळ्यावर टाकायची, म्हशी पाहुण्यांकडे पाठवायची. मांडुकलीचा रस्ता हा आमचा सेन्सर, टेलिफोन ही तार, आणि आक्का म्हणजे कंट्रोल रूम!

कोल्हापूरकरांचा सेन्सर म्हणजे राजाराम बंधारा. पावसाळ्यात आख्खं शहर फुटांत बोलतं. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. चहाच्या टपरीवर, रिक्षात, देवळात, "किती झाली?" असं कोणी विचारलं तर तो पंचगंगेबद्दलच विचारतोय हे सांगावं लागत नाही. आणि नृसिंहवाडीत तर त्याहून जुनी खूण आहे. कृष्णेचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दारातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. लोक श्रद्धेने स्नानाला जातात. मला त्यात श्रद्धेबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. ती दगडात कोरलेली पातळी आहे. पाणी इथवर आलं म्हणजे काय समजायचं हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं.

पण खुणांचा एक धोकाही आहे, आणि तो आमच्या घराने २०१९ मध्ये भोगला. २००५ च्या पुरात आक्काच्या उंबऱ्याला पाणी लागून परत गेलं होतं. तेव्हापासून घरात ठरून गेलं, कितीही पूर आला तरी उंबरा ओलांडत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये मी फोनवर सांगत होते, "आक्का, हे नेहमीचं नाही. आठवडा झाला, आभाळ हटत नाही." धरणं भरलेली, नद्या तुडुंब. पण मेव्हणे म्हणाले, "दोन हजार पाचला नव्हतं आलं." त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा साडेपंचावन्न फुटांच्या वर गेली, म्हणजे २००५ च्या कितीतरी वर. आक्काला आणि मेव्हण्यांना नावेतून बाहेर काढावं लागलं. जीव वाचले. दोन म्हशी गेल्या. आक्का नंतर पुरामुळे रडली नाही, म्हशींमुळे रडली.

माणसाची आठवण हाही एक सेन्सरच आहे, पण तो मागचाच आकडा दाखवत राहतो. इथे यंत्राचं मोल कळतं. त्याला २००५ आठवत नाही. समोर आहे ते सांगतं.

पुन्हा दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी ५६ फुटांच्याही वर गेलं. तो पूर वेगळा होता. २०१९ चा पूर दिवसेंदिवस चढत गेला, हा बघता बघता आला. जुलैच असल्याने धरणांत अजून जागा होती, पण धरणांच्या खाली जो मोकळा डोंगरउतार आहे, ज्याला मुक्त पाणलोट म्हणतात, तिथे धो धो पडलेलं पाणी थेट नदीत आलं. ते अडवायला ना भिंत ना दरवाजा. अशा पाण्याची खबर फक्त डोंगरातला पर्जन्यमापकच देऊ शकतो. दोन्ही पुरांत शहराची उपसा केंद्रं बुडाली आणि चारी बाजूंनी पाणी असताना कोल्हापूरकर टँकरपुढे घागरी घेऊन उभे राहिले. तासा-दोन तासांची आधी खबर म्हणजे काय हे त्या रांगेतल्या बाईला विचारा.

दरवाजांवरून आठवलं. आपल्याकडे विजेशिवाय चालणारा एक सेन्सर फार पूर्वीपासून आहे! राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर या धरणाचं काम सुरू केलं, पैशाअभावी ते रखडलं, आणि महाराजांच्या पश्चात पुरं झालं. तलाव ठरलेल्या पातळीला भरला की पाण्याच्याच जोराने दरवाजे एकामागून एक उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. एका दरवाजातून १४२८ क्यूसेक, म्हणजे सेकंदाला सुमारे चाळीस हजार लिटर. अशा आपोआप चालणाऱ्या दरवाजांची कल्पना विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळ खडकवासल्याला प्रत्यक्षात आणली होती. मी सहली नेल्या तेव्हा मुलांना हे दाखवून सांगितलं आहे की यंत्र शहाणं असायला त्यात बॅटरी असलीच पाहिजे असं नाही.

पण त्या दरवाजाला फक्त आपला तलाव कळतो. कुंभी कुठवर आली, शिरोळ बुडालंय का, हे त्याला माहीत नाही. त्यासाठी सगळ्या नोंदी एका ठिकाणी याव्या लागतात. जलसंपदा विभागाने जागतिक बँकेच्या मदतीच्या जलविज्ञान प्रकल्पातून कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी अशी यंत्रणा उभारली. डोंगरात स्वयंचलित पर्जन्यमापक, पुलांवर रडार. हे रडार पुलाखाली लहरी सोडतं आणि त्या पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती वर आलं ते सांगतं. पाण्यात काही बुडवायला नको, म्हणून वाहून आलेल्या झाडाने मोडायचीही भीती नाही. २०१९ नंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती, तिचा अहवाल २०२० मध्ये आला. त्यातही तात्काळ मिळणाऱ्या माहितीवर भर होता.

आता थोडं कडू. यंत्र बसवलं म्हणजे झालं असं नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य रजेवर असतो, आणि ही यंत्रं चालतात सौर पॅनेलवर! बॅटरी दमदार हवी. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला तर वर मुसळधार आणि आत टिचकी नाही. ऐन पावसात वीज जाते, मोबाइलची रेंज जाते, आणि नेमक्या त्याच रात्री आकडा सगळ्यात जास्त हवा असतो. म्हणून यंत्राला माणूस लागतोच. महिन्यातून एकदा नरसाळं पुसणारा, गवत कापणारा. त्याच्या पगाराची तरतूद यंत्राच्या किमतीसोबतच व्हायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट आकड्याच्या रेषेची. चोवीस तासांत मंडलात ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात आणि पिकाच्या भरपाईचा विषय पुढे सरकतो. आमच्या गगनबावड्यात ६५ म्हणजे रिमझिम! पण खालच्या भागात तीच रेषा घर तारते किंवा मारते. माझा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या तालुक्यात शेती करतो. तो सांगत होता, "बाई, माझ्या रानात बांध फुटले, आणि मंडलाचा आकडा रेषेच्या खाली. यंत्र सहा किलोमीटरवर हाय." मी त्याला काय सांगणार? यंत्र खोटं बोलत नाही. ते फक्त आपल्या तोंडावर पडलेल्या पावसाबद्दल बोलतं. त्याच्या रानाबद्दल बोलायला त्याच्या गावात यंत्र हवं, आणि तोवर त्याच्या रानात जाऊन बघणारा माणूस हवा.

तिसरी गोष्ट शहराची. नदीच्या दोन्ही काठांना निळी आणि लाल पूररेषा आखलेल्या असतात. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत भराव टाकून इमले उभे करायचे आणि मग वर डोंगरात सेन्सर लावायचे, हे म्हणजे घराचं दार उघडं टाकून कुत्र्याला भुंकायला शिकवण्यासारखं आहे. शहर टिकायचं असेल तर नदीला तिची जागा सोडायला हवी. सेन्सर वेळ देतो, जागा देत नाही.

आक्का २०२२ मध्ये गेली. आता तिच्या सुनेच्या मोबाइलवर सगळं येतं. बंधाऱ्याची पातळी, धरणाचा विसर्ग, पावसाचे आकडे. तरी पावसाळ्यात तिचा फोन येतोच, "मावशी, तिकडं किती पडला?" मी एकदा म्हटलं, "अगं, तुझ्याकडे माझ्याहून जास्त माहिती आहे." ती म्हणाली, "आकडा कळतो हो मावशी. पण त्या आकड्याला आपल्या घरात काय करायचं ते नाही कळत."

मंडळी, मला वाटतं हीच खरी राहिलेली जागा आहे. बंधाऱ्यावर अमुक फूट झाले म्हणजे आमच्या गल्लीत पाणी कुठे येतं, हे प्रत्येक गल्लीला माहीत हवं. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. २०१९ आणि २०२१ चं पाणी कुठवर आलं हे पाहिलेली माणसं अजून आहेत. त्यांना विचारून प्रत्येक शाळेच्या, देवळाच्या भिंतीवर रंगाने रेघ मारायची, शेजारी बंधाऱ्याचे फूट लिहायचे, आणि त्या आकड्याच्या किती आधी निघायचं तेही. हे काम शाळेतली मुलं एका सुट्टीत करतील. आक्काच्या सुनेने यंदा आपल्या भिंतीवर अशी रेघ मारली आहे, आणि तिच्या बरीच खाली दुसरी, "म्हशी हलवा" अशी.

तुमच्या गावात, गल्लीत पुराच्या अशा खुणा आहेत का? कोणाच्या आजोबांनी दाखवलेल्या, दगडावरच्या, पिंपळाच्या बुंध्यावरच्या? असतील तर जरूर लिहा.